हातातला कॅमेरा सोडता आला पाहिजे

पाण्याखाली कॅमेरा नेणाऱ्याला पहिली धास्ती असते ती कॅमेऱ्यात पाणी शिरण्याची. पण पाणी शिरलं तर पैसे बुडतात, माणूस सुखरूप वर येतो. माणसाला गोत्यात आणणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. दोन्ही हात अडकलेले असतात, डोळा स्क्रीनवर खिळलेला असतो, नकळत श्वास रोखला जातो आणि बडी, म्हणजे जोडीचा डायव्हर, पाच मिनिटांपूर्वीच नजरेआड गेलेला असतो. म्हणून मी कॅमेऱ्याची सगळी जुळवाजुळव एकाच कसोटीवर करतो: तो कुठल्याही क्षणी हातातून सोडता आला पाहिजे आणि सोडल्यावर माझ्या डायव्हमध्ये काहीही बदलता कामा नये. ही तयारी आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चार्जिंगपर्यंत कशी चालते, ते क्रमाने लिहितो. डोळ्यांसमोर अंदमानमधलं स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, ठेवलं आहे. मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी इथे डायव्हिंग शिकलेले बरेच मराठी डायव्हर पहिल्यांदा मोठा कॅमेरा उचलतात ते तिथेच.

कॅमेरा केव्हा घ्यावा? डायव्हिंगच्या सर्टिफिकेटचं कार्ड हातात पडल्या पडल्या नक्कीच नाही. अमुक इतके डायव्ह झाले की घ्या, असा आकडा सांगणारे भेटतात. मला त्यापेक्षा एक चाचणी बरी वाटते. ५ मीटरवर, दोर न धरता, हात न हलवता ३ मिनिटं अर्ध्या मीटरच्या आत तरंगत राहायचं आणि त्याच वेळी स्लेटवर आपली हवा, खोली आणि वेळ लिहायची. लिहिताना वर-खाली झालात तर बॉयन्सी, म्हणजे एका खोलीवर तरंगत राहण्याची हातोटी, अजून अंगवळणी पडलेली नाही, ती डोक्याने सांभाळली जाते आहे. अशा वेळी कॅमेऱ्याला द्यायला डोक्यात जागाच उरत नाही. मास्कमध्ये पाणी भरून तो रिकामा करणं आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा, तोंडात धरायचा भाग) शोधून परत तोंडात घेणं, ही दोन्ही कामं एका हाताने जमायला हवीत, कारण दुसऱ्या हातात कॅमेरा असणार आहे.

तारकर्ली-मालवणला सर्टिफिकेट नसलेल्या पर्यटकांना जो पहिला डायव्ह देतात, त्याचा प्रश्न जरा निराळा आहे. तिथे पर्यटकाच्या हातात काही नसतं. व्हिडिओ पॅकेजमध्येच येतो आणि अनेकदा तो काढतो तोच इन्स्ट्रक्टर. एका हातात गोप्रो, दुसऱ्या हाताने पाहुण्याची टाकी. पाहुणा घाबरून रेग्युलेटर काढायला गेला, तर त्या माणसाला एकाच वेळी रेग्युलेटर दाबून धरायचा असतो, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, सांभाळायचं असतं आणि पाहुण्याला शांतही करायचं असतं. त्याला दोन्ही हात लागतात. तेव्हा पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, व्हिडिओ कोण काढणार? तिसरा माणूस असेल तर उत्तम. नसेल तर व्हिडिओशिवाय उतरा. आणि मोबाईलची प्लास्टिकची पिशवी गळ्यात अडकवून खाली जायचा हट्ट कुणीच करू नये. त्या पिशव्या पोहण्यापुरत्या असतात आणि गळ्यातली दोरी रेग्युलेटरच्या होजमध्येच, म्हणजे नळीत, जाऊन अडकते.

आता साधनांकडे वळू. गोप्रोची अलीकडची मॉडेल्स केसशिवाय १० मीटर आणि संरक्षक केसमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. ऑलिम्पस टीजी-६ सारखा कॉम्पॅक्ट नुसता १५ मीटर आणि त्याच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे जलरोधक पेटीत, ४५ मीटर. सुरुवात यातल्याच एखाद्याने करावी, स्ट्रोबशिवाय, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशशिवाय. डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याचं अॅल्युमिनियम हाऊसिंग, लेन्ससमोरचा घुमटासारखा डोम, दोन स्ट्रोब आणि ते धरणारे आर्म असा पूर्ण संच हवेत सात ते दहा किलो भरतो. पाण्यात तो किती भरतो, हा आकडा मात्र बहुतेकांना माहीत नसतो, आणि खरा महत्त्वाचा तोच.

तो काढायला मोठी बादली किंवा टब आणि बॅगा तोलायचा छोटा हुकाचा काटा पुरतो. बॅटऱ्या, कार्ड, लेन्स सगळं घालून हाऊसिंग बंद करायचं, काट्याला टांगायचं, पूर्ण बुडवायचं, अडकलेले बुडबुडे हलवून काढायचे आणि काटा वाचायचा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. त्यामुळे सहा लिटर पाणी बाजूला सारणारा संच समुद्रात साधारण १५० ग्रॅम हलका भरेल, तेवढे वजा करायचे. उत्तर १०० ते ३०० ग्रॅम जड आलं की झालं. सोडला तर हळूहळू खाली जावा, उडी मारून वर पळू नये. ८०० ग्रॅम किंवा किलो जड असेल तर आर्मवर फ्लोट लावायचे. फोमचे स्वस्त फ्लोट खोलीवर दबून त्यांची उचल कमी होते, पोकळ कडक आर्मची होत नाही. तीस मीटरला जाणार असाल तर हा फरक मनगटाला कळतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते हिशोब मांडला की दिसतं. समजा कॅमेरा ८०० ग्रॅम जड आहे. २० मीटरवर तो तोलायला बीसीडीत साधारण ०.८ लिटर जास्तीची हवा भरावी लागते. काही कारणाने कॅमेरा सुटला की तुम्ही क्षणात ८०० ग्रॅम हलके होता आणि वर निघता. १० मीटरवर येईपर्यंत त्याच हवेचे १.२ लिटर झालेले असतात, ५ मीटरवर १.६. वेळेत हवा सोडली नाही तर वेग वाढतच जातो. हीच चूक उलट्या बाजूनेही होते आणि ती जास्त धोक्याची आहे: ‘कॅमेरा जड आहेच, मग खाली जाण्यासाठी बांधतो त्या पट्ट्यातलं एक किलो शिसं कमी करू.’ असं कधीही करू नये. भरलेल्या अॅल्युमिनियम टाकीत साधारण पावणेतीन किलो हवा असते. टाकीतला दाब ५० बारला येईस्तोवर त्यातली दोन किलो संपलेली असते, म्हणजे डायव्हच्या शेवटी तुम्ही दोन किलोने हलके. त्यात कॅमेरा हातातून गेला किंवा बडीकडे दिला, तर वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या सेफ्टी स्टॉपला थांबणं मुश्कील. शिसं नेहमी कॅमेऱ्याशिवाय ठरवायचं: ५० बार उरलेल्या टाकीने, रिकाम्या बीसीडीने, ५ मीटरवर स्थिर राहता येईल इतकं.

लॅन्यार्डबद्दल, म्हणजे कॅमेरा अंगाला अडकवायच्या दोरीबद्दल, डायव्हरांमध्ये न संपणारी भांडणं आहेत. माझं मत असं. लहान कॅमेऱ्याला मनगटाची सैल दोरी चालते, मोठ्या संचाला मनगटात काहीही नको. त्यासाठी गुंडाळी असलेलं, मध्ये पटकन सुटणारं बकल असलेलं लॅन्यार्ड आणि टोकाला बोल्ट स्नॅप, म्हणजे खटका मागे सरकवून उघडायचा हूक. दाबला की आत जाणारा कॅराबिनर नको. तो आपणहून दोरात, जाळ्यात, होजमध्ये अडकतो. बोल्ट स्नॅप हाऊसिंगला धातूला धातू असा जोडायचा नाही, मध्ये जाड दोऱ्याचा वेढा ठेवायचा. बकल अडकलं तर सुरीने किंवा कटरने कापता येईल असं काहीतरी त्या साखळीत असलंच पाहिजे.

तो अडकवायचा कुठे? ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला हवा द्यायचा जादा रेग्युलेटर, उजवीकडून निघतो, बीसीडीत हवा भरायचा-सोडायचा इन्फ्लेटर डाव्या खांद्यावर, प्रेशर गेजही बहुधा डावीकडेच. म्हणजे निव्वळ मोकळी जागा कुठेच नाही. म्हणून किनाऱ्यावरच सगळा सरंजाम अंगावर चढवायचा, कॅमेरा लॅन्यार्डवर लटकता ठेवायचा आणि बडीला सांगायचं, माझा ऑक्टोपस ओढ. होज गुंडाळीत अडकली तर डी-रिंग, म्हणजे जॅकेटवरची अडकवायची कडी, बदलायची. पुन्हा ओढून पाहायचं. याला दोन मिनिटं लागतात, तरी हे करणारे फार थोडे.

हाऊसिंग मी आदल्या रात्री एसीच्या कोरड्या खोलीत बंद करतो. बोटीवरच्या दमट हवेत बंद केलं तर ती वाफ आतच राहते. खाली थंड पाणी लागलं की पोर्टवर, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेवर, धुकं धरतं आणि डायव्हर पाऊण डायव्ह त्याच्याशीच झुंजत बसतो. आत सिलिका जेलची पुडी ठेवायची. ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खोबणीतलं रबरी कडं, काढायची ती बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने, टाचणीने नव्हे. खोबणीवरून उजेड तिरका पाडला की केस आणि वाळूचा कण दिसतो. ग्रीस कंपनीने दिलेलंच, मोहरीएवढं. ओ-रिंग ओलसर चमकली की पुरे. ग्रीसने पाणी अडत नाही. ते फक्त रबर घसरून नीट बसावं यासाठी असतं, जाड थर दिला तर उलट कचरा धरतं. हाऊसिंगला व्हॅक्यूम पंपाची सोय असेल तर हवा ओढून रात्रभर ठेवायचं. सकाळी दिवा हिरवा असेल तर झाकण पुन्हा उघडायचं नाही.

हे सगळं पैसे वाचवण्यासाठी तर आहेच, पण हाऊसिंगमधून बुडबुडे निघताना दिसले की माणूस काय करतो? कॅमेरा उचलून वर धावतो. १८ मीटरवरून ९ मीटर प्रति मिनिट या वेगाने वर यायला दोन मिनिटं लागतात, आणि कॅमेरा तर पहिल्या काही सेकंदांतच गेलेला असतो. म्हणून निर्णय किनाऱ्यावरच घेऊन ठेवायचा: पाणी शिरलं तर हाऊसिंगचं तोंड खाली करायचं, म्हणजे पाणी पोर्टकडे साठेल आणि कॅमेऱ्याचं मागचं अंग कदाचित वाचेल. मग बडीला खूण करून नेहमीच्याच वेगाने, नेहमीच्याच स्टॉपने वर. दोन-तीन लाखांची वस्तू हातातून सोडताना मन कचरतं, हे मान्य. म्हणूनच कॅमेऱ्याचा विमा, पाण्याखालचं नुकसान त्यात धरलं आहे का हे वाचून घेतलेला, मी सुरक्षेच्या साधनांतच मोजतो.

बोटीवर कॅमेऱ्याची जागा टाक्यांच्या रांगेखाली नाही. तो सावलीत, ओल्या टॉवेलखाली, शक्यतो स्वतःच्या टबमध्ये असावा. सगळ्यांच्या मास्क-फिन्सच्या धुण्याच्या पिंपात तर नकोच. तिथे एकाच्या आर्मने दुसऱ्याचं बटण दाबलं जातं, आणि उथळ पाण्यात ओ-रिंग अजून दाबाखाली घट्ट बसलेली नसते.

मग येते बडीची तपासणी: बीसीडी, शिसं, बकल्स, हवा, शेवटची एक नजर. ही पूर्ण झाल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. टाकीची तोटी बंद किंवा अर्धवट उघडी ठेवून उतरण्याचा प्रकार घडतो तो नेमका अशाच वेळी, जेव्हा उतरणारा स्ट्रोबची केबल बसवण्यात गुंग असतो. तोटी पूर्ण उघडून गेजकडे पाहत चार दमदार श्वास घ्या. श्वासागणिक काटा खाली-वर हलला तर तोटी नीट उघडलेली नाही.

मोठा कॅमेरा घेऊन बॅक-रोल, म्हणजे बोटीच्या काठावरून पाठीमागे उलटी उडी, मारायचा नाही. आधी आपण उडी मारायची, बीसीडी फुगवून तरंगायचं, ठीक आहे अशी खूण करायची आणि मग बोटीवरच्या माणसाने कॅमेरा हॅंडलला धरून खाली द्यायचा. आर्मला किंवा स्ट्रोबला धरून नव्हे, हे त्याला आधी दाखवून ठेवावं. तो बिचारा हाताला लागेल ते धरतो. हातात आला की आधी क्लिप, मग बाकीचं. प्रवाह असेल आणि एका हाताने बोटीचा दोर धरलेला असेल, तर कॅमेरा घेतल्यावर इन्फ्लेटरसाठी हातच उरत नाही. दोर एका हाताने धरून राहणं जड जात असेल, तर त्या दिवशी कॅमेरा बोटीवरच राहू द्यावा. जोराच्या प्रवाहात दोन पसरलेले स्ट्रोब शिडासारखे ओढतात.

उतरण्याआधी कॅमेरा मीटरभर पाण्यात धरून दहा सेकंद पाहायचा. गळती असेल तर ती बहुतेकदा इथेच कळते, कारण दाब कमी असताना ओ-रिंग सैल असते. नंतर कॅमेरा उजव्या हातात, आर्म मिटलेले. डावा हात नाक दाबून कान मोकळे करायला आणि इन्फ्लेटरला. डाव्या मनगटावर कॉम्प्युटर असेल तर त्याच हालचालीत खोलीही दिसते. हा कॉम्प्युटर हाऊसिंगवर बसवणारे लोक आहेत. वाचायला सोयीचं असतं खरं, पण मग कॅमेरा सोडला की खोली, वेळ आणि वर यायचा वेग, तिन्ही त्याच्यासोबत तळाला. उतरताना चित्रीकरण नको. कान दुखेपर्यंत थांबणारा माणूस बहुधा स्क्रीनकडे पाहत असतो.

तळाशी पोचल्यावर पहिली पाच मिनिटं कॅमेरा बंद. तेवढ्यात बॉयन्सी बसते, प्रवाहाची दिशा कळते, श्वास संथ होतो. त्यानंतरही प्रत्येक विषयाजवळ जाताना क्रम तोच ठेवायचा: कॅमेरा उचलण्याआधी हवा, खोली, बडी, तीन-चार फोटो झाले की पुन्हा हवा, खोली, बडी.

हवेचा हिशोब कॅमेऱ्याने कसा बदलतो, तो आकड्यांत पाहू. आपल्याकडे सर्रास मिळणारी अॅल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची. २०० बारपासून ५० बारपर्यंत वापरायची म्हटलं तर १,६६५ लिटर हवा हाताशी येते. पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर घेणारा माणूस १८ मीटरवर, म्हणजे २.८ बार दाबाला, मिनिटाला सुमारे ५० लिटर घेतो आणि तेहतीस मिनिटं राहतो. कॅमेरा ढकलत, प्रवाहाशी झगडत तोच माणूस २४ लिटरवर गेला की पंचवीस मिनिटांत संपतो. म्हणून ‘मागच्या वेळी इथे अर्धा तास पुरली होती’ हा अंदाज कॅमेऱ्यासह चालत नाही.

परतीचा आकडाही बदलायला हवा. ३० मीटरवर बडीची हवा संपली आणि दोघं एकाच टाकीवर आलात, दोघंही घाबरून मिनिटाला ३०-३० लिटर घेताहात असं धरा. सावरायला एक मिनिट गेलं तर २४० लिटर. वर यायला ३.३ मिनिटं, सरासरी अडीच बारला, म्हणजे सुमारे ५०० लिटर. एकूण ७४० लिटर, म्हणजे ६७ बार, आणि यात सेफ्टी स्टॉप धरलेलाच नाही. तो धरला तर ९० च्या वर. ‘५० ला वर यायचं’ हे पाठ केलेलं वाक्य तीस मीटरला अपुरं पडतं. कॅमेरावाल्याला ते आणखी अपुरं, कारण गेजवर त्याची नजर उशिरा जाते. १८ मीटरला हाच हिशोब स्टॉप धरून साधारण ६० बार येतो. मी तीस मीटरच्या आसपास १०० बारला कॅमेरा मिटतो. एखादा फोटो हुकला तरी चालतो.

वेळही तशीच निसटते. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात पहिल्या डायव्हला १८ मीटरवर राहायची मर्यादा ५६ मिनिटं आहे, ३० मीटरची फक्त २०. स्वराजद्वीपच्या जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागी एका स्कॉर्पियनफिशवर आठ मिनिटं गेली तर जवळपास अर्धा डायव्ह तिथेच संपला. शिवाय तीसच्या आसपास नायट्रोजनची गुंगी लागते आणि कॅमेऱ्यावर ती चटकन दिसून येते: आयएसओ कुठे बदलतात ते आठवत नाही, एकच बटण तीनदा दाबलं जातं, काळ्या आलेल्या फोटोकडे आपण समाधानाने बघत राहतो. असं झालं की सेटिंग सोडून द्यायचं आणि चार-पाच मीटर वर यायचं. खोल डायव्हसाठी सगळी सेटिंग वरच करून ठेवलेली बरी.

श्वास हा सगळ्यात घातक विषय. जमिनीवर शटर दाबताना श्वास धरायची सवय हाताला असतेच. पाण्यात तर प्रत्येक श्वासागणिक शरीर वर-खाली होतं, त्यामुळे मोह दुप्पट. भरल्या छातीने श्वास रोखला की माणूस हलका होतो आणि वर सरकू लागतो. डोळा स्क्रीनवर असल्याने ते कळत नाही. उथळ पाण्यात हे जास्त वाईट, कारण तिथे मीटरमागे आकारमानात होणारा बदल सर्वात मोठा. फुप्फुसं पूर्ण भरलेली असताना मीटर-दीड मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. त्यात दम राखून राखून श्वास घेत गेलं की कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं चढतं आणि खोलीवरची गुंगीही वाढते. उपाय सोपा आहे, सवय लावावी लागते: शटर दाबायचं ते सावकाश उच्छ्वास चालू असताना. बुडबुड्यांनी मासा बुजतो अशी तक्रार असते. बुजू दे.

शरीराची ठेवण बदलली की हवाही जागा बदलते. कपारीत डोकावून डोकं खाली, पाय वर असा फोटो काढताना बीसीडीतली हवा कमरेकडे चढते. मग खांद्यावरचा इन्फ्लेटर वर धरूनही हवा निघत नाही. अशा वेळी मागच्या खालच्या झडपेची दोरी ओढावी लागते, ती कुठे आहे हे हाताला न पाहता माहीत हवं. सूर्य आणि वरून जाणारं कासव टिपताना माणूस वर पाहत वर जातो, मॅक्रो, म्हणजे छोट्या जीवांचे अगदी जवळून फोटो, काढताना उतारावरून हळूहळू खाली. कासवामागे वर, मग पुन्हा तळाला, असा झोके खाणारा डायव्ह शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनच्या दृष्टीने वाईट.

बोट टेकवायचा मोहही असाच. जिथे ‘मोकळा खडक’ दिसतो तिथेच स्कॉर्पियनफिश बसलेला असतो, लायनफिश आणि सी अर्चिनही. काटा लागला तर डायव्ह तिथेच संपवायचा. वर आल्यावर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग ३० ते ९० मिनिटं ठेवायचा, पाण्याचं तापमान दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासून. प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा फिन लागून तुटलेली फांदी किरकोळ समजू नका. मागे सरकता येत नसेल तर जवळ जायचंच नाही. बेडकासारखी किक आणि उलटी किक आल्याशिवाय मॅक्रो सुरू करू नये. अंदमानात घरट्यावर बसलेला टायटन ट्रिगरफिश कॅमेरावाल्यांना हमखास चावतो. त्याचा इलाखा घरट्यापासून वर वर रुंद होत जातो, म्हणून सरळ वर पळालं तर आपण त्याच्या हद्दीतच राहतो. आडवं, तळालगत, फिन्स त्याच्याकडे करून निघायचं.

बडीबद्दल स्पष्ट बोलायला हवं: फोटोग्राफर हा वाईट बडी असतो. दोन फोटोग्राफर एकत्र म्हणजे दोन माणसं एकेकटी डायव्ह करताहेत. गाईडसोबत चौघांचा गट असेल तर कॅमेरावाला मागे राहतो, आणि मालवणसारख्या चार-पाच मीटर दृश्यमानतेच्या पाण्यात मागे राहिला म्हणजे हरवलाच. उतरण्याआधी ठरवायचं: एका विषयावर जास्तीत जास्त इतकी मिनिटं, बडी कुठल्या बाजूला थांबेल, टाकीवर किती टकटक म्हणजे ‘निघ’. एक मिनिट शोधूनही दिसला नाही तर दोघांनीही वर यायचं. सर्वात बरा बडी म्हणजे कॅमेरा नसलेला, संथ आणि पदरमोड करून तुमच्याबरोबर आलेला मित्र; त्याला रात्रीचं जेवण तुमच्याकडून.

हवा मागणारा समोर आला तर आधी कॅमेरा सोडायचा, मग हात पुढे करायचा. हे कोरड्यात करून पाहिलं नसेल तर पाण्यात उलटं होतं: माणूस डाव्या हाताने उजवीकडचा ऑक्टोपस चाचपतो आणि उजव्यात कॅमेरा घट्ट धरून ठेवतो.

वर येताना स्ट्रोब बंद, आर्म मिटलेले, स्क्रीन बंद. सेफ्टी स्टॉपला ५ मीटरवर ३ मिनिटं फोटो चाळत बसणारे सगळीकडे दिसतात आणि ते तीनवरून सातवर, सातवरून तीनवर हेलकावत असतात. मार्कर बॉय, म्हणजे बोटींना आपली जागा दाखवणारा फुगा, वर सोडायचा असेल तर त्याला दोन हात लागतात. आधी कॅमेरा क्लिप करून मागे ढकलायचा, नाहीतर रीलची दोरी आर्मला गुंडाळते आणि फुगलेला बॉय तुम्हाला कॅमेऱ्यासकट वर खेचतो. जमल्यास हे काम बडीवर सोपवावं. पृष्ठभागावर रेग्युलेटर तोंडातच ठेवून आधी कॅमेरा वर द्यायचा, मग फिन्स. शिडीवर दोन्ही हात शिडीलाच. शिडीखाली थांबायचं नाही, वरच्याची टाकी घसरली तर थेट डोक्यावर येते.

नंतर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून, आतच प्रत्येक बटण पंधरा-वीस वेळा दाबायचं. मिठाचा स्फटिक बटणाच्या दांड्यावर राहिला तर पुढच्या वेळी तोच ओ-रिंग कापतो. उघडताना हाऊसिंगचं तोंड खाली, केस टॉवेलने पुसलेले. स्ट्रोब किंवा टॉर्चमध्ये पाणी शिरलं असेल तर त्याचं झाकण चेहऱ्यासमोर धरून फिरवू नका. खाऱ्या पाण्याने बॅटरीत वायू तयार होऊन आत दाब साचतो आणि झाकण उडू शकतं. समुद्राकडे तोंड करून, हळूहळू सैल करायचं. भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्जरला कधीच लावायची नाही.

चार्जिंगचा विषय लोक हसण्यावारी नेतात. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्ह बोटीला रात्री आग लागली आणि खाली झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. आगीचं नेमकं कारण तपासात निश्चित झालं नाही. बोटीवर रात्री चार्जिंगला लावलेल्या उपकरणांचा मुद्दा मात्र चर्चेत आला, आणि रात्रीचा पहारा नव्हता यावर तपास यंत्रणेने बोट ठेवलं. मुक्कामी बोट असो की हॉटेलची खोली, बॅटऱ्या जागेपणी, डोळ्यांसमोर, उशी-गादीपासून दूर चार्ज करायच्या आणि झोपताना प्लग काढायचा. परतीच्या विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-तासांच्या वरच्या असतील तर विमान कंपनीला आधी विचारून. आणि तिकीट काढतानाच शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसेपर्यंत १८ तास मोकळे ठेवायचे, कारण कॅमेरावाल्याला शेवटच्या सकाळी ‘अजून एक’ हवाच असतो.